उपहासकथेतील निःस्वार्थी माणूस शोभेचा असतो का?

समासातली नोंद

'स्पष्टवक्ता' (आपल्या मंचावरचे एक सदस्य) यांचे परवाचे टिपण वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. प्रतिसादाच्या चार ओळींत मावेल असे माझे म्हणणे नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, उपहासात्मक साहित्यात जिवंत असतात ती फक्त लोभी पात्रे. निःस्वार्थी पात्र ही वाचकाच्या समाधानासाठी बसवलेली शोभेची मूर्ती असते आणि ती उचलून बाजूला ठेवली तरी कथेचे काही अडत नाही. 'लोभाला हातपाय असतात, त्यागाला नुसता चेहरा असतो' हे त्यांचे वाक्य अनेकांनी उचलूनही धरले आहे.

आता 'अॅनिमल फार्म' (1945) ही ऑरवेलची कादंबरी घ्या. जनावरे मालकाला हाकलून शेत ताब्यात घेतात आणि डुकरे त्यांची राज्यकर्ती होतात. त्यातला बॉक्सर घोडा बाजूला ठेवून पाहा. उरते काय? काही डुकरे लबाड निघाली, एवढीच बातमी उरते. तो घोडा पहाटे इतरांच्या आधी अर्धा तास उठवायला सांगतो, पुढे तो अर्धा तास पाऊण तासावर जातो, आणि प्रत्येक संकटावर त्याचे उत्तर एकच असते, की आपण आणखी कष्ट करू. त्याला चारच अक्षरे येतात. निवृत्तीनंतर उरलेली बावीस शिकायची असे त्याने मनाशी ठरवलेले असते. शेवटी त्याला न्यायला जी गाडी येते तिच्यावर खाटकाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, आणि ज्याला ते वाचता येत नाही तोच नेमका आत बसलेला असतो. त्याला विकून आलेल्या पैशातून डुकरे व्हिस्की आणतात. त्या पुस्तकातला लोभ मला दिसला तो त्या गाडीपाशी. डुकरांच्या भाषणांत तो मला एवढा कधीच दिसला नव्हता. ज्याच्या जिवावर लोभ पोसला जातो तो माणूस कथेत नसेल, तर लोभ हा केवळ स्वभावदोष ठरतो, गुन्हा ठरत नाही.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर पु. ल. देशपांडे यांचा नारायण आहेच. लग्नघरातला तो राबता माणूस काढून टाका, मग त्या मांडवातल्या लोकांविषयी आपल्याला काय कळते ते सांगा.

स्पष्टवक्ता

माझे म्हणणे आपण बरोबर मांडले आहे, याबद्दल आभार. उदाहरण मात्र चुकीचे निवडले आहे. बॉक्सर निःस्वार्थी नाही, तो भोळा आहे. निःस्वार्थी माणसाला स्वार्थ दिसत असतो आणि तो डोळे उघडे ठेवून त्याला नकार देतो. ज्याला चार अक्षरांपलीकडे वाचता येत नाही, ज्याने विचार करण्याचे काम नेत्यावर सोपवले आहे, त्याच्या राबण्याला त्याग म्हणणे हा त्यागाचाच अपमान आहे.

आता माझे उदाहरण ऐका. गोगोल या रशियन लेखकाच्या 'डेड सोल्स' (1842) या कादंबरीतला चिचिकोव्ह गावोगाव हिंडून जमीनदारांच्या मालकीची मेलेली कुळे विकत घेतो, कारण सरकारी शिरगणतीच्या कागदावर ती अजून जिवंत असतात आणि कागदावरच्या माणसांवर कर्ज काढता येते. त्याच पुस्तकात प्ल्यूश्किन नावाचा कृपण जमीनदार आहे. रस्त्यात सापडेल तो जुना तळवा, खिळा, चिंधी तो उचलून आणतो आणि खोलीच्या कोपऱ्यात ढीग करतो. तोही कधीकाळी भरल्या घराचा, काटकसरी पण आतिथ्यशील मालक होता. बायको गेली, मुले दुरावली आणि माणूस आतून आकसत गेला, हे गोगोल टप्प्याटप्प्याने दाखवतो. लोभाला असा भूतकाळ असतो. दुसऱ्या भागात त्याच गोगोलने सज्जन माणसे उभी करायचे ठरवले. कोस्तान्झोग्लो हा आदर्श जमीनदार झाला, मुराझोव्ह हा पुण्यशील धनाढ्य झाला, आणि दोघेही कागदाच्या वर उठले नाहीत. 1852 च्या फेब्रुवारीत त्या भागाचे हस्तलिखित त्याने स्वतःच्या हाताने जाळले आणि थोड्याच दिवसांत तो गेला. एवढ्या ताकदीच्या लेखकाला जे जमले नाही ते तत्त्वतःच अवघड असणार, असे मी म्हटले तर त्यात झोप उडण्यासारखे काय आहे?

आणि आपल्याकडेही तेच आहे. 'संगीत शारदा' (1899) मधला पैशासाठी लेक म्हाताऱ्याला द्यायला निघालेला कांचनभट आजही अंगावर येतो. ते लग्न मोडण्यासाठी धडपडणाऱ्या कोदंडाविषयी कोणी तासभर बोललेले मी तरी ऐकलेले नाही.

शब्दशः

दोघांनीही वादाच्या आधी शब्द नीट वापरावेत, ही विनंती मी यापूर्वीही अनेक धाग्यांवर केली आहे आणि पुन्हा करतो. विनोद, उपहास, उपरोध आणि विडंबन या चार गोष्टी आहेत, एकाच गोष्टीची चार नावे नव्हेत. विनोदात लेखक माणसाच्या शेजारी बसलेला असतो, उपहासात तो समोर उभा असतो. 'नारायण' हे व्यक्तिचित्र आहे आणि त्यात विनोद आहे. लेखकाचे नारायणावर प्रेम आहे, वधूपक्षावरही राग नाही आणि मांडवातल्या कोणालाही तेथे सोलून काढलेले नाही. जेथे कोणावरच वार नाही तेथे उपहास कसला? तेव्हा या चर्चेतून नारायणाला वगळावे, म्हणजे मूळ प्रश्नाकडे वळता येईल.

उत्तररात्र

नारायणाला वगळू नये. मी येथे सहसा लिहीत नाही, फक्त वाचते. पण 'कोणावरच वार नाही' हे वाक्य वाचून राहवले नाही.

माझे वडील नारायण होते. नात्यातले, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे, कोणाचेही कार्य असो, ते चार दिवस आधी तेथे पोचलेले असत. त्यांची एक खाकी पिशवी होती. तिच्यात सुतळीचा गुंडा, मोजपट्टी, टाचण्यांची डबी, मेणबत्तीचा तुकडा आणि पाठकोऱ्या कागदांवर शिसपेन्सिलीने केलेल्या याद्या असत. प्रत्येक काम झाले की त्यावर ते एक आडवी रेघ मारत. त्या याद्यांत आमच्या घरचे काम कधी नसे. माझ्या परीक्षेचा अर्ज त्यांच्या सहीसाठी सहा दिवस कपाटावर पडून होता, आणि शेवटी आईने त्यांच्या नावाची सही केली. ते गेले तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, की त्यांच्याशिवाय आमचे एकही कार्य पार पडले नाही. आई आत बसून होती. ती मला हळूच म्हणाली, 'यातल्या एकाने तरी त्यांना कधी, तुम्ही जेवलात का, असे विचारले होते का?'

त्या व्यक्तिचित्राच्या शेवटी सगळे आपापल्या जागी सुखरूप पोचलेले असतात आणि दिवसभर राबलेला नारायण बाहेर मांडवात एका बाकावर अंगाची मुटकुळी करून झोपलेला असतो. ज्याला त्या मुटकुळीत वार दिसत नाही त्याने तो लेख हसत हसत संपवला असेल, वाचलेला नाही. 'शब्दशः' यांना चार शब्दांतले भेद ठाऊक आहेत, याबद्दल मला आदर आहे. पण वार करताना हात वर उचललेला दिसलाच पाहिजे, असा नियम कोणत्या पुस्तकात आहे?

स्पष्टवक्ता

आपल्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. तरीही सांगायला हवे, की घरातली आठवण हा साहित्यातला पुरावा होत नाही. उलट आपण दिलेल्या हकिकतीतून माझेच म्हणणे सिद्ध होते. चार गावच्या कौतुकासाठी जो माणूस स्वतःच्या मुलीच्या अर्जावर सही करायला विसरतो, त्याला निःस्वार्थी का म्हणायचे? त्याला पैशाचा लोभ नव्हता, पण आपल्यावाचून कोणाचे अडावे याचा होता. नारायणाच्या बाबतीतही हाच संशय रास्त आहे. लोभाने कपडे बदलले म्हणून तो त्याग होत नाही.

उत्तररात्र

माझ्या वडिलांना कौतुकाचा लोभ होता, हे निदान आपण कशाच्या आधारावर केले? आपण त्यांना पाहिलेले नाही. मी पाहिले आहे. कोणी आभार मानू लागले की ते विषय बदलून निघून जात, आणि निरोपाच्या वेळी तर ते हमखास माळ्यावर काहीतरी ठेवायला चढलेले असत. घरच्या आठवणीला पुरावा मानायचे नसेल तर मानू नका, पण मग त्याच आठवणीच्या जोरावर माणसाला लोभी ठरवण्याचा अधिकारही आपल्याला राहत नाही. माझी तक्रार त्यांच्याविषयी आहेच आणि ती मी कोणापासून लपवलेली नाही. पण ती तक्रार मुलीची आहे. ती उचलून तिच्यावर आपला सिद्धांत बांधू नका.

समासातली नोंद

'स्पष्टवक्ता', हा प्रतिसाद आपल्याला शोभला नाही, एवढेच म्हणतो.

दुसरी घंटा

वाद तापलेला दिसतो, म्हणून रंगमंचावरचा अनुभव सांगतो. हौशी नाटकमंडळीत असताना मी फ्रेंच नाटककार मोलिएरच्या 'लाव्हार' (1668) मधला कंजूष हार्पागॉन केला होता. चौथ्या अंकाच्या शेवटी त्याची बागेत पुरलेली पैशांची पेटी चोरीला जाते आणि तो चोराला शोधत धावत येतो. एक हात त्याच्या मुठीत सापडतो, तो ओरडतो, आणि मग कळते की तो त्याचाच हात आहे. या जागी हशा ठरलेला. त्यानंतर तो प्रेक्षकांकडे वळून, चोर तुमच्यात तर नाही ना, असे विचारतो. मी पहिल्या रांगेवरून बोट फिरवत नेले. बोट ज्याच्यावर येई त्याचे हसणे थांबे आणि पुढे सरकले की पुन्हा सुरू होई. लोभी पात्राला हातपाय असतात हे 'स्पष्टवक्ता' यांचे म्हणणे मी त्या रात्री अंगाने अनुभवले आहे, तेव्हा तेवढे मान्य.

पण पुढच्या वर्षी आम्ही त्याच लेखकाचे 'तार्त्युफ' केले आणि माझ्या वाट्याला तार्त्युफला घरात ठेवून घेणारा ऑर्गाँ आला. तार्त्युफ हा ढोंगी आहे हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत असते. दिलेल्या पैशांतले निम्मे तो परत करतो, घेतले नाहीत तर गरिबांना वाटतो, प्रार्थनेच्या वेळी एक पिसू जास्त रागाने मारली म्हणून स्वतःला दोष देतो. ऑर्गाँ मात्र खरोखरच स्वतःसाठी काही मागत नाही. तो घरदार त्या माणसाच्या नावावर लिहून देतो, मुलाला हाकलून देतो, मुलीचे ठरलेले लग्न मोडून तिला त्याच्या गळ्यात बांधायला निघतो, आणि हे सारे करताना त्याचा चेहरा तृप्त असतो. सर्वांत अवघड भूमिका हीच. तालमीत मी त्याला मूर्ख करून पाहिले, नाटक पडले. मग मनापासून देणारा माणूस म्हणून उभा केला, आणि मुलीचे काम करणारी नटी त्या प्रसंगात खरोखर रडली. 1664 साली पहिल्यांदा झालेले हे नाटक सार्वजनिक रंगमंचावर मोकळेपणाने यायला 1669 उजाडले. एका लोभी ढोंग्याला लोक एवढे भ्याले नसते. देणाऱ्याच्या भक्तीकडे बोट दाखवले, याची ती भीती होती असे मला वाटते.

जमाखर्च

'उत्तररात्र' यांच्या हकिकतीला दुसरी बाजू आहे आणि ती मी भोगलेली आहे. माझे शिक्षण दोघांनी केले. काका हिशेबी होते. दिलेला प्रत्येक रुपया लाल पुठ्ठ्याच्या वहीत तारखेसह लिहीत आणि महिन्याच्या शेवटी माझी सही घेत. सारे त्यांना चिकट म्हणत, मीही म्हणत असे. आत्या मात्र कधी काही लिहीत नसे. 'आपल्या माणसात कसला हिशेब' हे तिचे वाक्य. नोकरी लागल्यावर तीन वर्षांत मी काकांचे पैसे फेडले. त्यांनी वहीवर आडवी रेघ मारली, वही मला दिली आणि त्यानंतर आम्ही मित्रासारखे बोलू लागलो. आत्याचे अजून फिटलेले नाही. माझ्या प्रत्येक निर्णयावर, कोणाशी बोलावे आणि कोणाशी नाही यावरही तिचा अधिकार आहे, आणि मी तो नाकारू शकत नाही, कारण तिने खरोखर काही न मागता केले आहे. कर्ज फिटते, उपकार फिटत नाहीत.

म्हणून विचारतो, उपहासकारांनी सावकार, कंजूष आणि दलाल यांनाच किती वर्षे धोपटायचे? माझ्या मते निःस्वार्थी माणसावर नेम धरायला फार थोड्यांचे धाडस झाले आहे. सर्व्हान्टिसच्या स्पॅनिश कादंबरीतला, स्वतःला दुबळ्यांचा रक्षक सरदार समजून हिंडणारा डॉन क्विक्झोट तेवढा सांगता येईल. पहिल्या भागात (1605) मालकाचे फटके खाणाऱ्या एका पोराला तो सोडवतो आणि समाधानाने पुढे जातो. त्याची पाठ वळताच मालक त्या पोराला आधीपेक्षा अधिक झोडपतो. पुढे तोच पोरगा भेटतो तेव्हा विनवतो, की माझे तुकडे होताना दिसले तरी कृपा करून मला पुन्हा सोडवायला येऊ नका. मला तो पोरगा समजतो.

उत्तररात्र

मला आपले काका आवडले. आत्याविषयी मात्र एक विचारते. तिने काही मागितले नाही, तेव्हा आपण कधी तिला काही दिले का? आमच्याकडे येणारे लोकही म्हणत, की त्यांच्या उपकारांची फेड होणार नाही, आणि फेड होणारच नाही असे एकदा म्हटले की काहीच करावे लागत नाही.

जमाखर्च

हा प्रश्न मला आवडलेला नाही. बरोबर असेलही. विचार करतो.

शब्दशः

माझ्या प्रतिसादावरून बरेच ऐकून घ्यावे लागले, म्हणून शांतपणे लिहितो. भेदांचा आग्रह मी सोडणार नाही. पण 'उत्तररात्र' यांनी सांगितल्यावर तो शेवटचा परिच्छेद काढून पुन्हा वाचला. मुटकुळी ध्यानात होती, बाकीचे सगळे सुखरूप पोचल्याचे वर्णन तिच्या लगेच आधी येते, हे ध्यानात नव्हते. ती जोडणी सहज झालेली नाही. उपरोध आहे, एवढे मान्य करतो. उपहास आहे असे अजूनही म्हणणार नाही.

मूळ प्रश्नाविषयीही एक गोष्ट येथे यायला हवी. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या क्षेमेंद्राचा 'कलाविलास' हा लबाड्यांचा कोशच आहे. मूलदेव नावाचा धूर्त शिष्याला जगातल्या फसवणुकी शिकवतो आणि बहुतेक सर्ग एकेका फसवणुकीला किंवा दोषाला वाहिलेले आहेत. लोभाचा सर्ग दुसरा येतो. पहिला दंभाचा आहे. लोभ्यापासून सावध राहायला शिकवण्याआधी, आपल्याला काहीच नको असे दाखवणाऱ्याला ओळखायला शिकवावे लागते, असा त्या क्रमाचा अर्थ मी लावतो. हे मत 'स्पष्टवक्ता' यांच्या बाजूला झुकते, हे मला माहीत आहे.

समासातली नोंद

ते माझ्याही बाजूला झुकते. स्विफ्टचा 'अ मॉडेस्ट प्रपोजल' (1729) हा उपहासात्मक निबंध आठवा. गरिबांची मुले श्रीमंतांच्या ताटात वाढावीत, हा हिशेब सारी आकडेमोड करून मांडल्यावर लिहिणारा शेवटच्या परिच्छेदात काय सांगतो? यात माझा तिळमात्र स्वार्थ नाही. माझे धाकटे मूल नऊ वर्षांचे आहे आणि बायकोचे मूल होण्याचे वय उलटले आहे, तेव्हा मला यातून एक पैसाही मिळायचा नाही. मला आधीच्या सगळ्या हिशेबापेक्षा हे वाक्य भयंकर वाटते. तो माणूस लोभी असता तर त्याला थांबवता आले असते, लाच देऊनही थांबवता आले असते. त्याला खरोखर काही नको आहे, आणि म्हणूनच त्याच्यापुढे कोणाचा इलाज चालत नाही. 'स्पष्टवक्ता' म्हणतील की हे सोंग आहे. स्विफ्टने त्याला सोंग म्हणून रंगवलेले नाही, आणि तसे रंगवले असते तर तो निबंध केव्हाच विसरला गेला असता.

मुराझोव्हविषयी आपण विचारले होते, ते मी टाळलेले नाही. तो उभा राहत नाही, कारण त्याच्या चांगुलपणाची किंमत कोणीही मोजत नाही. त्याच्या दानाने कोणी मिंधा होत नाही, कोणी माजत नाही, त्याच्या घरात कोणाचा अर्ज कपाटावर पडून राहत नाही. गोगोलला त्याला दाखवायचे नव्हते, त्याच्याकडून चिचिकोव्हला सुधारून घ्यायचे होते. बॉक्सरच्या त्यागावर मात्र डुकरांचे सगळे राज्य उभे आहे, आणि ऑर्गाँच्या त्यागात त्याचे सगळे घर बुडते. भोळा की निःस्वार्थी, हा आपला प्रश्न रास्त आहे. पण आपल्या श्रमावर दुसऱ्याचे काय उभे राहते आहे हे न विचारता राबणारा माणूस त्या दोघांच्या मधे कोठेतरी असतो, आणि उपहासाला तीच जागा हवी असते.

स्पष्टवक्ता

बॉक्सर आणि ऑर्गाँ यांच्यापुरता 'शोभेची मूर्ती' हा शब्द मागे घेतो. मुराझोव्हविषयीचा खुलासा पटला, असे नाइलाजाने म्हणतो. कोदंडाचे उत्तर मात्र कोणीच दिलेले नाही, आणि नारायणाविषयीचा माझा संशय कायम आहे.

'उत्तररात्र', आपल्या वडिलांविषयी मी लिहायला नको होते. माळ्यावर चढण्याची गोष्ट वाचल्यावर ते वाक्य मला पुन्हा लिहिता आले नसते. दिलगीर आहे.

उत्तररात्र

दिलगिरी पोचली. संशय आपण बाळगावा, माझाही कधीकधी असतो. फक्त त्या लेखात त्या बाकाकडे मागे वळून पाहणारा एक जण आहे, तो लिहिणारा. आमच्याकडे कार्य आटोपून रात्री दोन वाजता ते घरी येत, दाराची कडी आवाज होणार नाही अशी लावत आणि पिशवी खुंटीला अडकवत. मी जागी असे आणि झोपेचे सोंग घेऊन पडून राही.